हवा होती, दाब नव्हता: दिल्ली-ओझर फ्लाईटमधली एक केस

मी नाशकात छातीच्या आजारांची प्रॅक्टिस करतो. ही केस माझ्या ओपीडीतली नाही, दिल्लीहून ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, येताना विमानात झालेली आहे. आजींच्या मुलाला विचारून लिहितोय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आकडे मात्र तेच ठेवलेत कारण ते मी तिथल्या तिथे बोर्डिंग पासच्या मागे लिहून घेतले होते.

मे महिना, दुपारची फ्लाईट. सगळ्यांना आत बसवलं आणि मग विमान पन्नास मिनिटं जागचं हललंच नाही. बाहेर दिल्लीचं ऊन, आत एसी नावाला, लोक सेफ्टी कार्डानं वारा घेतायत. जमिनीवर उभ्या विमानाला हवा येते ती शेपटीतल्या छोट्या इंजिनाकडून, मेच्या उन्हात ते कमी पडतं, आणि मोठी इंजिनं चालू करताना तीच हवा स्टार्टरला लागते म्हणून मिनिट-दोन मिनिटं एसी पूर्णच बंद होतो. त्यामुळे टेकऑफच्या आधीच सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं की विमानात हवा नाही. हे आधी सांगतोय कारण पुढची निम्मी गडबड ह्याच समजुतीतून झाली.

टेकऑफनंतर साधारण पस्तिसाव्या मिनिटाला अनाउन्समेंट झाली की कोणी डॉक्टर असतील तर पुढे या. मी चौदाव्या रांगेत, आजी एकविसाव्या. गेलो तर दोन्ही हात समोरच्या ट्रेवर रोवून पुढे झुकून बसलेल्या, ओठ काळसर, एका श्वासात दोन शब्द. छातीच्या डॉक्टरला ही बसायची पद्धत बघितली की पुढचं बरंच कळतं. मुलगा उभा, तिन्ही सीटच्या वरच्या हवेच्या जाळ्या त्याने आईच्या तोंडावर वळवून ठेवलेल्या. "डॉक्टर, आईला गुदमरतंय, ह्यांनी हवाच बंद करून ठेवलीय, मी मघापासून सांगतोय." मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो वरचे मास्क पाडा ना, ते कशाला दिलेत मग!" क्रू मेंबर मुलगी विशीतली असेल, पण शांत होती. तिने आधी माझं रजिस्ट्रेशन कार्ड बघितलं, मगच सीलबंद मेडिकल किट फोडलं. ते बरोबरच आहे, त्यावर चिडायचं कारण नाही.

हिस्टरी मुलाकडून तुकड्यातुकड्यात मिळाली. वय अडुसष्ट, निफाड तालुक्यातलं गाव, विडी-तंबाखू काही नाही पण चाळीस वर्षं चुलीपुढे गेलेली. आपल्याकडच्या बायकांमधला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, बहुतेक वेळा असाच असतो आणि घरात सगळे त्याला दमा म्हणतात. नाशकात साधं बसलेलं असताना रक्तातला ऑक्सिजन ९३ टक्के असायचा, श्वासाने ओढायच्या औषधाचा एक पंप चालू होता. हरिद्वार-ऋषिकेश केलं, गंगेच्या थंड पाण्यात आंघोळ झाली, तीन दिवसांपासून खोकला आणि पिवळा बेडका. दिल्ली एअरपोर्टवर व्हीलचेअर मिळत होती पण आजी नको म्हणाल्या, चालतेबोलते आहे, लोक काय म्हणतील. गेटपर्यंतचं ते एवढं लांब अंतर चालत आल्या. आणि पंप? पंप चेक-इन बॅगेत. सांडेल-बिंडेल म्हणून मुलाने नीट गुंडाळून आत ठेवलेला, आता तो आमच्या पायाखाली सामानाच्या कप्प्यात.

तपासणीचं म्हणाल तर विमानात स्टेथोस्कोपचा फार उपयोग होत नाही, इंजिनाच्या घरघरीत श्वासाची शिट्टी ऐकू येणं अवघडच. बीपीसुद्धा नाडीवर बोट ठेवूनच घ्यावं लागतं, वरचा आकडा १५० आला. श्वास मिनिटाला ३२, नाडी १२४, बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ७९. नखाला पॉलिश नव्हती, बोट चोळून गरम करून परत लावलं तरी ७९च. छातीत दुखत नाही, पायाला एकाच बाजूची सूज नाही, छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतायत आणि श्वासनलिका मधोमध. हे शेवटचं मी दोनदा बघितलं कारण सीओपीडीच्या फुफ्फुसात कधीकधी हवेचे फुगे असतात, वर गेल्यावर शरीरात अडकलेली हवा साधारण ३० टक्के फुगते आणि असा फुगा फुटला तर विमानात करण्यासारखं फार कमी उरतं.

क्रूने ऑक्सिजनची छोटी बाटली आणली. तिला बहुतेक वेळा दोनच जागा असतात, एक मिनिटाला चार लिटर सोडायची आणि एक दोन लिटर सोडायची. मुलीने ट्रेनिंगप्रमाणे चारवर लावली. पाच मिनिटांत ८८, मग ९१, मग ९४. मुलाच्या जिवात जीव आला पण मला बरं वाटेना. वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साईड साठवून बसलेल्या अशा पेशंटला ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर आतला कार्बन डायऑक्साईड आणखी चढतो आणि माणूस गुंगीत जातो. आमचं टार्गेट ८८ ते ९२, त्याच्या वर नको. म्हणून दोनवर आणलं तर हळूहळू उतरत ८५. म्हणजे चारवर जास्त, दोनवर कमी, मध्ये जागाच नाही.

दरम्यान किटातला पंप काढला. पण धाप लागलेल्या माणसाला पंप थेट तोंडात ओढता येत नाही, औषध जिभेवरच राहतं. पाण्याची छोटी बाटली रिकामी केली, बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून पंप तिथे घट्ट बसवला आणि बाटलीचं तोंड आजींच्या ओठात. एक दाब, चार-पाच श्वास, परत एक दाब, असे सहा. किटातलं स्टेरॉईडचं इंजेक्शनही दिलं, पण त्याचा असर दिसायला तास लागतात, ते पुढच्या रात्रीसाठी होतं.

ह्या वेळी माझ्या शेजारच्या सीटवरचे काका मागे येऊन उभे राहिले. ओझर टाऊनशिपमधले, एचएएल ह्या विमान कारखान्यातून रिटायर, मिगपासून सुखोईपर्यंत चौतीस वर्षं हातात पाना धरलेला माणूस. ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, कॅप्टनला विमान खाली घ्यायला सांगा की. विमान खाली आलं की केबिन पण खाली येते." खरं सांगतो, मला हे माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, पण त्या पंधरा मिनिटांत एकदाही डोक्यात आलं नाही. मी बाटलीच्या दोन आणि चारमध्येच अडकलो होतो.

आता हवेचं नीट सांगतो, कारण मुलाचा राग आणि मागच्या गृहस्थांचा मास्कचा हट्ट दोन्ही इथे येतात.

विमान ३६ हजार फुटांवर असताना बाहेर उणे पन्नासच्याही खाली थंडी आणि हवा इतकी विरळ की माणूस मिनिटाभरात बेशुद्ध पडेल. म्हणून इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबलेली तापलेली हवा काढतात, ती पहिल्यांदा निघते तेव्हा २०० अंशांच्या आसपास असते, मग ती थंड करून, योग्य दाबाला आणून केबिनमध्ये सोडतात. बऱ्याच विमानांत त्यात साधारण निम्मी हवा केबिनमधलीच फिरवून घेतलेली असते, पण ती हेपा फिल्टरमधून येते, तोच प्रकार जो ऑपरेशन थिएटरला असतो. केबिनमधली सगळी हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते, म्हणजे दोन-तीन मिनिटांत एकदा. आपल्या घरात, लग्नाच्या हॉलमध्ये, माझ्या वेटिंग रूममध्ये एवढी हवा कधीच बदलत नाही. तेव्हा हवा कोंदलेली नव्हती, कोणी बंदही केलेली नव्हती, त्या जाळ्यांतून येत होती ती चांगलीच हवा होती.

कमी होता तो दाब. केबिन समुद्रसपाटीच्या दाबावर ठेवायची तर विमानाची पत्र्याची नळी खूप जाड आणि जड करावी लागेल, म्हणून नियम असा की नेहमीच्या उड्डाणात केबिनचा दाब ८,००० फूट उंचीवर असतो त्यापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. मागच्या बाजूला एक झडप असते, ती कमीजास्त उघडून कॉम्प्युटर हा दाब सांभाळतो. आमची केबिन तेव्हा साडेसात हजाराच्या आसपास होती. आपल्या भाषेत सांगायचं तर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट, साल्हेर त्याहून थोडा कमी. सीटबेल्ट लावून, बिस्किटं खात बसलेला प्रत्येक माणूस कळसूबाईच्या शिखराच्याही दोन हजार फूट वर बसलेला असतो, फक्त पाय दुखलेले नसतात म्हणून कळत नाही. आजींना कोणी कळसूबाई चढून जा म्हटलं असतं का? आणि तेही छातीत कफ भरलेला असताना?

हवेत ऑक्सिजन इथेही २१ टक्के आणि तिथेही २१ टक्केच. पण फुफ्फुसात ओढल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) मुंबईत दीडशेच्या आसपास, नाशकात आपण ६०० मीटरवर असल्यामुळे १४०, आणि आठ हजार फुटांवर १०८. धडधाकट माणसाचं सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा आकडा, एवढ्याने ९० ते ९३ पर्यंत येतं आणि त्याला पत्ताही लागत नाही. मग आजींचं एवढं का कोसळलं? मी माझ्या ज्युनिअरना हे कसारा घाटावरून सांगतो. नाशिकहून इगतपुरीपर्यंत रस्ता पठारावरचा, पाच-दहा किलोमीटर पुढे गेलात तरी उंचीत फार फरक नाही. इगतपुरी ओलांडली की तेवढ्याच अंतरात एकदम खाली. रक्तातल्या ऑक्सिजनचा आलेख अगदी असाच आहे. तुम्ही-मी घोटीजवळ कुठेतरी असतो, दाब कमी झाला तरी पठारावरच राहतो. आजी ९३ घेऊन आधीच इगतपुरीच्या टोकाला उभ्या होत्या, त्यात कफ, त्यात ते चालणं. साडेसात हजार फुटांनी त्यांना घाटात ढकललं.

आणि ते वरचे मास्क एका पेशंटसाठी नसतातच. केबिनचा दाबच गेला आणि केबिन साधारण १४ हजार फुटांवर पोचली तर ते सगळ्यांसाठी एकदम पडतात. बहुतेक विमानांत त्यांच्यामागे रसायनातून ऑक्सिजन तयार करणारा डबा असतो, एकदा ओढला की बारा-पंधरा मिनिटं चालतो, बंद करता येत नाही आणि तापतो. तेवढ्या वेळात पायलट विमान १० हजार फुटांवर आणतो, एवढंच त्यांचं काम. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई-जयपूर फ्लाईटमध्ये मास्क पडले, कित्येकांच्या नाका-कानातून रक्त आलं, ती गोष्ट वेगळी होती, तिथे केबिनमध्ये हवा सोडणारं बटणच चालू करायचं राहिलं होतं. आमच्या विमानात सगळी यंत्रणा जशी चालायला हवी तशीच चालत होती. बिघाड काहीच नव्हता आणि तरीही आजी ७९ वर होत्या, ह्या केसमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच.

परत गोष्टीकडे. मी क्रूकरवी कॅप्टनला निरोप दिला, मग इंटरकॉमवर थेट बोललो. विमानात शेवटचा निर्णय कॅप्टनचा असतो, डॉक्टर फक्त सल्ला देतो, आणि कॅप्टनला आजाराचं लॅटिन नाव नको असतं. त्यांनी मला नेमके प्रश्न विचारले: आता लगेच उतरायचं का? पाऊण तास निघेल का? उतरल्यावर काय लागेल? कंपनीच्या जमिनीवरच्या डॉक्टरांशीही ते रेडिओवर बोलत होते. मी म्हटलं, आधी खाली या, दहा मिनिटं द्या, मग सांगतो. बाटली किती पुरेल हाही हिशोब केला, ३१० लिटरची भरलेली बाटली दोन लिटरने अडीच तास, चारने सव्वा तास, म्हणजे तिकडून अडचण नव्हती. परवानगी घेऊन त्यांनी विमान ३६ वरून २८ हजारावर आणलं. इंधन जास्त जळतं पण केबिन साडेसात हजारावरून पाच हजाराच्या जवळ आली, म्हणजे आम्ही आजींना कळसूबाईच्याही खाली उतरवलं. त्याच दोन लिटरवर ८५ चे ८७, मग ८९, मग ९०. श्वास ३२ वरून २६. आजी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलल्या, "पोरा, बस आता, पाय दुखतील."

इंदूर पंचवीस मिनिटांवर होतं, ओझर पंचेचाळीस. मी ओझर म्हणालो. आकडा वर चाललेला, पेशंट शुद्धीत, ऑक्सिजन पुरेसा. हेच जर छातीत दुखत असतं किंवा ९० च्या ऐवजी परत ८२ दिसलं असतं तर इंदूर म्हणालो असतो, वीस मिनिटांसाठी घासाघीस केली नसती. २०१३ मध्ये अमेरिकेतून एक मोठा अभ्यास आला होता, जवळजवळ बारा हजार प्रसंगांचा, त्यात साधारण ६०४ फ्लाईटमागे एक मेडिकल इमर्जन्सी निघाली. सगळ्यात जास्त चक्कर-बेशुद्धीच्या, ३७ टक्के, श्वासाच्या १२ टक्के, आणि विमान दुसरीकडे उतरवावं लागलं ते फक्त ७ टक्क्यांत. म्हणजे बहुतेक वेळा पेशंटला जागेवर सांभाळतच इच्छित ठिकाणी नेलं जातं, आणि त्यासाठी काय-काय हाताशी आहे हे डॉक्टरला माहीत असणं फार गरजेचं आहे. विमान खाली आणणं हेही औषध आहे.

ओझरला अँब्युलन्स तयार होती. इथे माझी चूक झाली आणि ती मला अजून टोचते. मी तोंडी सांगितलं, दोन लिटरच ठेवा, ९२ च्या वर नको. दाराशी गर्दी, मुलगा बॅगांसाठी धावतोय, अटेंडंटने मान हलवली, मी उतरलो. रस्त्यात त्याने मोठा मास्क लावून दहा लिटर सोडला. त्याच्या दृष्टीने धाप लागलेल्या बाईला जास्त ऑक्सिजन देणं म्हणजे चांगलंच काम. आग्रा हायवेवरून शहरातल्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत सॅच्युरेशन ९९ आणि आजी हाक मारली तरी डोळे अर्धेच उघडतायत. रक्तात कार्बन डायऑक्साईड ७४, म्हणजे खूपच चढलेला. दोन रात्री मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅप मशीनवर काढल्या, पाचव्या दिवशी घरी. हे टाळता आलं असतं. आता मी कुठेही पेशंट सोपवतो तेव्हा चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात "२ लिटर, ८८ ते ९२" लिहून पेशंटच्या गाऊनवर, तेही जमलं नाही तर हातावर चिकटवतो.

दीड महिन्याने आजी ओपीडीत आल्या. मुलाचा पहिला प्रश्न, आता विमान कायमचं बंद का? असं घाईने सांगून टाकणं मला पटत नाही. त्यांची हायपॉक्सिक चॅलेंज टेस्ट केली, म्हणजे २१ च्या ऐवजी १५ टक्के ऑक्सिजनची हवा मास्कने वीस मिनिटं द्यायची आणि काय होतं बघायचं. १५ टक्के म्हणजे समुद्रकाठी बसून आठ हजार फुटांचा अनुभव. नाशकात आपण आधीच उंचावर असल्यामुळे ही परीक्षा जरा जास्तच कडक होते, ते लक्षात घेऊन वाचायचं. ९३ वरून वीस मिनिटांत ८२. ८५ च्या खाली गेलं की प्रवासात ऑक्सिजन लागणार असं धरतात. मग त्याच हवेत नाकातून दोन लिटर देऊन परत केली, ९०. म्हणजे विमान बंद नाही, पण दोन लिटरशिवाय नाही, आणि खोकला-बेडका वाढलेला असेल त्या आठवड्यात तर अजिबात नाही. तिकीट बुडालं तर बुडू दे.

घरचा सिलिंडर विमानात नेता येत नाही, हे बऱ्याच जणांना काउंटरवर गेल्यावर कळतं. बॅटरीवर चालणारा छोटा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे आजूबाजूच्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र, चालतो, तोही एअरलाईनला चालणाऱ्या मॉडेलचा, त्यासाठी एअरलाईनचा मेडिफ नावाचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म डॉक्टरकडून भरून काही दिवस आधी द्यावा लागतो, आणि बॅटरी प्रवासाच्या साधारण दीडपट वेळ पुरेल एवढी लागते, कारण दिल्लीसारखी पन्नास मिनिटं जमिनीवरच गेली तर काय? पंप हातातल्या पिशवीत. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवायची. मला काळजी वाटते ती २०२७ च्या सिंहस्थाची. त्या वेळी देशभरातून आजी-आजोबा ओझरला उतरणार, आणि नाशिककरही आपल्या म्हाताऱ्यांना कुठेकुठे घेऊन जात-येत असणार. माझ्या ओपीडीत तिकीट काढायच्या आधी विचारायला आलेला माणूस वर्षातून दोन-चारच असतो, बाकी सगळे जाऊन आल्यावर सांगतात.

आजींनी गेल्या डिसेंबरमध्ये नातवाच्या लग्नासाठी परत दिल्ली केली. मुलगा मला अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे लिहून ठेवणार होता, उतरल्यावर व्हॉट्सअपवर फोटो आला: ९१, ९०, ९१, ९०. खाली लिहिलं होतं की वरची जाळी बंदच ठेवली होती, आईला वारा सोसत नाही.